उसनी दिलेली आई

मीपंतांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. यात दोष स्वभावाचा थोडा आणि धंद्याचा जास्त. ते शब्दांकन करत, म्हणजे मोठ्या माणसांची आत्मचरित्रं लिहून देत. आयुष्य त्या माणसाचं, फोटो त्याचा, मुखपृष्ठावर नाव त्याचं, टाळ्याही त्यालाच. लिहिणं तेवढं मीपंतांचं. 'मी जन्मलो तेव्हा घरात दिव्याला तेल नव्हतं' इथपासून 'आज मागे वळून पाहताना' इथपर्यंत पुस्तकातला प्रत्येक 'मी' त्यांच्या हातचा. एका शल्यविशारदाचा मी, एका निवृत्त न्यायाधीशाचा मी, एका नटीचासुद्धा मी. छापखान्यात कुणीतरी त्यांना मीपंत म्हणायला लागलं आणि ते नाव असं चिकटलं की पाकिटांवरही तेच यायला लागलं. गंमत अशी की मीपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. निदान त्यांचा स्वतःचा तसा समज होता.

समोरचा माणूस बोलायला लागला की मीपंत त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघत. इतक्या वर्षांत त्यांनी एक ठोकताळा बसवला होता. खरं बोलणारा अडखळतो, मागे जातो, 'नाही नाही, ते आधी झालं' म्हणतो. खोटं बोलणारा सरळ चालतो आणि तारीख सांगतो. शल्यविशारदांनी आपल्या पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख, वार आणि त्या दिवशीचं हवामान सांगितलं, तेव्हाच मीपंतांनी ओळखलं की सुरी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती. ओळखलं, आणि लिहून दिलं. "आपण शिंपी," ते म्हणत. "कापड गिऱ्हाइकाचं. आपण विचारायचं नाही कुठून आणलं."

ही सवय घरीही सुटत नसे. 'परवा सव्वासातला येऊन गेलो, बेल वाजवली, तुम्ही नव्हता' असं शेजारी म्हणाला की मीपंत मनात म्हणत, हा आलाच नव्हता. बायको मात्र त्यांच्यावर सवाई. कधी चुकून त्यांनी तिच्याशी दोन गोड शब्द बोलायला तोंड उघडलं की ती हातातलं काम न थांबवता विचारी, "हे कुणाच्या पुस्तकातलं?" आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी पुस्तकातलंच असे.

लेखक व्हायचं म्हणून घराबाहेर पडलेला माणूस असा दुसऱ्यांचा मी कसा झाला, ही काही फार लांबची गोष्ट नाही. तरुणपणी त्यांनी कथा लिहिल्या. मासिकांकडे पाठवल्या. कथा जशा गेल्या तशा आल्या, वर 'साभार परत'चा शिक्का घेऊन. यातला 'साभार' हा शब्द कुणी शोधून काढला त्याला एकदा भेटायचं आहे, असं ते पुढे कित्येक वर्षं म्हणत. मग एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी धरली. तिथे एका रविवारी न्यायाधीशांचा आठवणींचा लेख आला, तो इतका कोरडा ठाक होता की मीपंतांनी विचारल्याशिवाय त्यात पाणी घातलं. लेख गाजला. न्यायाधीश स्वतः कचेरीत आले. मीपंतांना वाटलं, आता गेली नोकरी. न्यायाधीशांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "उरलेलं आयुष्यही असं करून द्याल का?"

तेव्हापासून घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं. सगळं 'मी'च्या जिवावर. आणि सुख नव्हतंच असं कोण म्हणेल? प्रकाशनाच्या समारंभात शेवटच्या रांगेत बसून आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, आणि पुढच्या रांगेतली एखादी बाई डोळ्याला रुमाल लावताना बघायची, यात जे सुख आहे ते मीपंतांनी भरपूर घेतलं. ते चोरटं होतं म्हणून कमी गोड होतं असं नाही.

पण आत एक गोष्ट ठुसठुसत राहिली होती. स्वतःच्या नावाचं एक पुस्तक. एकच.

छपन्नाव्या वर्षी त्यांनी नवी कामं घेणं थांबवलं आणि जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात कादंबरी लिहायला घेतली. बायको म्हणाली, "कुणाचं आहे?" ते म्हणाले, "माझं." ती म्हणाली, "ते दिसतंय. पण कुणाचं आहे?" त्यांनी पेनचं टोपण काढलं. कादंबरी एका लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची होती. मीपंतांची आई तेच काम करायची. दोन वर्षं घासून, तीनदा नव्याने लिहून त्यांनी ती ओळखीच्याच प्रकाशनसंस्थेत नेऊन दिली, आणि कित्येक वर्षांनी पाकिटावर आपलं खरं नाव लिहिताना ते त्यांना जरा अनोळखी वाटलं.

तिथल्या संपादकबाई कामाला वाघ होत्या. चष्मा कपाळावर, पेन्सिल अंबाड्यात, आणि जीभ अशी की नवीन कवी जिन्यातूनच परत जात. मीपंतांचे तीन 'मी' त्यांच्या हाताखालून गेले होते, त्यामुळे ओळख जुनी. बाईंनी बोलावलं तेव्हा मीपंत नवा शर्ट घालून गेले. खोलीत खुर्चीवर हस्तलिखितांचे गठ्ठे होते. बाईंनी ते उचलून त्यांना बसायला जागा केली नाही, तेव्हाच त्यांना कसंतरी झालं.

"बसा," बाई म्हणाल्या, आणि मग बसायला जागा नाही हे पाहून गठ्ठा खाली ठेवला. टेबलावर दोन वस्तू होत्या. एक मीपंतांच्या कादंबरीचं बाड. दुसरं एक छापील पुस्तक, मुखपृष्ठावर ट्रकच्या बॉनेटला टेकून उभे असलेले हसरे शेठजी. हे शेठजी एका ट्रकवरून दोनशे ट्रकांवर गेलेले वाहतूकदार. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं आत्मचरित्र मीपंतांनीच लिहून दिलं होतं.

बाईंनी पुस्तक उघडलं आणि वाचलं. "'थंडीच्या दिवसांत आई पहाटे उठून इस्त्री तापवी. मी आंघोळ करून कुडकुडत आलो की ती इस्त्रीखालून काढलेला सदरा गरम गरम माझ्या अंगात घाली. दिवसभर शाळेत मला वाटे, आईचा हात पाठीवर आहे.'" मग बाडाचं पान उघडलं. "आता हे तुमचं. 'शर्ट इस्त्रीखालून निघाला की आई तो गार होऊ देत नसे...' वाचू का पुढचं?"

"नको," मीपंत म्हणाले.

"हे तुम्ही तिथून घेतलंत."

"नाही. मी तिथे दिलं होतं."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. मीपंतांनी मग जे होतं ते सांगितलं. सांगताना ते अडखळले, दोनदा मागे गेले, आणि आपण अडखळतो आहोत म्हणजे हिला खरं वाटेल, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. धंदा असा माणसाच्या हाडात भिनतो.

झालं होतं ते असं. शेठजी ट्रकबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. टायर, परवाने, घाटात उलटलेली गाडी, सगळं. पण आईचा विषय काढला की "आई म्हणजे आई. देवमाणूस," एवढं बोलून पाणी मागत. चार बैठका झाल्या, आई काही पुढे येईना. इकडे प्रकाशक मागे लागलेले, की आईशिवाय आत्मचरित्र खपत नाही, एक प्रकरण हवंच. शेवटी एका दुपारी मीपंतांनी स्वतःची आई काढून त्या जागेवर ठेवली. मनात म्हणाले, शेठजी वाचताना खोडतीलच. शेठजींनी वाचलं, बराच वेळ खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं हो?"

त्यावर मीपंत काय बोलणार? उलट त्यांना अभिमान वाटला. पुढे तो गरम सदरा इतका गाजला की शेठजींच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी तो वाचून दाखवी. मीपंत शेवटच्या रांगेत बसून आपल्या आईला मिळालेल्या टाळ्या ऐकत. घरी येऊन जेवत. कुणाला काही सांगत नसत.

"टेप असतील ना?" बाईंनी विचारलं. "मुलाखतींच्या. त्यांत हे नाही एवढं तरी दिसेल."

"काम संपलं की मी सगळ्या टेप गिऱ्हाइकाला परत करतो. माझा नियम आहे."

"छान नियम आहे." बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोवली. "हे बघा, मला वाईट वाटतं. पण मी काय समजू? तुमचं आख्खं आयुष्य दुसऱ्याचं ते आपलं म्हणून लिहिण्यात गेलं. आता तुम्ही म्हणता हे माझं. मी हे बाड पुन्हा वाचायला घेतलं तर प्रत्येक पानावर मला वाटतं, हा तुकडा कुणाचा? न्यायाधीशांचा उरलेला? नटीचा?"

मीपंतांना हे कानाखाली बसल्यासारखं लागलं. ते म्हणाले, "ते प्रकरण काढून टाकलं तर?"

"तर उरलेलं पुस्तक कशावर उभं राहील ते तुम्हीच सांगा." बाई जरा नरमल्या. "शेठजींना भेटा. ते फक्त एवढं म्हणाले, की हा प्रसंग लेखकाचा आहे, तर मी उद्या छापायला देते. नाहीतर उद्या त्यांचा वकील माझ्या दारात."

म्हणजे स्वतःच्या नावाचं पुस्तक निघायचं असेल, तर स्वतःची आई दुसऱ्याकडे परत मागायला जायचं. मीपंत गेले.

शेठजींची कचेरी ट्रकतळाच्या वर, लोखंडी जिन्याने चढून. खाली एक गाडी जॅकवर उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. शेठजी आता थकले होते, पण आवाज तोच. "या, या लेखक," म्हणून त्यांनी चहा मागवला. मीपंतांनी चहा संपेपर्यंत दम धरला आणि मग शक्य तितक्या मऊपणे विषय काढला, की ते आईचं प्रकरण, तो सदरा, तो मुळात...

"सदरा," शेठजी म्हणाले आणि थांबले. त्यांनी कप बाजूला सरकवला. "तुम्ही लिहिलंत ते चांगलंच लिहिलंत. पण सगळं नाही आलं त्यात. आईच्या मनगटावर डाग होता. इस्त्रीचा. म्हणजे... आधी मला वाटायचं जन्मखूण आहे. नाही, जन्मखूण मावशीला होती. आईचा भाजल्याचाच. सदरा घालताना तो डाग माझ्या मानेला लागायचा. खरखरीत." त्यांनी स्वतःच्या मानेला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

मीपंत त्यांच्या हातांकडे बघत होते. हात खोटं बोलत नव्हते. शेठजी अडखळत होते, मागे जात होते, तारीख सांगत नव्हते. डागाचा शब्दही पुस्तकात नव्हता. ठोकताळ्याप्रमाणे हा माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. आणि आपल्या आईच्या मनगटावर डाग होता की नव्हता, हे मीपंतांना आठवेना.

तरी उसनं अवसान आणून ते म्हणाले, "शेठजी, तो प्रसंग मी माझ्या आईवरून लिहिला होता. तुम्ही आईबद्दल काही सांगत नव्हता म्हणून."

शेठजींचा चेहरा हळूहळू बंद झाला. "कुणी पाठवलं तुम्हाला? धाकट्याने?"

"कोण धाकटा?"

"माझा भाऊ. तो सांगत फिरतो, आपल्या घरात इस्त्री नव्हतीच म्हणून. त्याला काय माहीत? तो तेव्हा पाळण्यात होता." शेठजी उठून दाराशी जाऊन उभे राहिले. "तुमच्याविषयी माझं मत चांगलं आहे लेखक, ते तसंच राहू द्या. माझ्या आईला हात लावू नका."

मीपंत जिना उतरून बसथांब्यावर आले. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी आईचं मनगट आठवायचा प्रयत्न केला. आईचा आवाज आला, पायांच्या भेगा आल्या, मनगट काही आलं नाही. मग एक भलतीच शंका आली. शेठजींच्या घरी इस्त्री असेलही. एखाद्या बैठकीत, टेप बंद असताना, ते गरम सदऱ्याचं सहज बोलून गेले असतील. आपण ते उचललं असेल, आणि नंतर आपल्याला वाटायला लागलं असेल की हे आपलंच. तीस वर्षं इतक्या लोकांच्या आयांबद्दल ऐकलंय. काखेत कळसा असेल, नाहीतर कळसाच दुसऱ्याचा असेल. ज्याने जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, त्याला आता स्वतःवर घ्यायला किती वेळ लागणार?

घरी बायकोला विचारलं. "आई मला गरम शर्ट घालायची, ते मी तुला सांगितलं होतं ना? लग्न झालं तेव्हा?"

ती मटार सोलत होती. तिने हातातली शेंग खाली ठेवली, आणि असं ती सहसा करत नसे. "नाही. मी ते शेठजींच्या पुस्तकातच पहिल्यांदा वाचलं. मला वाटलं, किती चांगली आई होती त्यांची." मग जरा वेळाने, "तुमच्या आईबद्दल तुम्ही मला कधीच काही सांगितलं नाही. मी विचारायचे तेव्हा पाणी मागायचात."

आता एकच साक्षीदार उरली होती. ताई.

ताई मीपंतांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. रुग्णालयातल्या चादरी आणि पडदे शिवून देण्याचं काम ती अजून करत असे, आणि तिच्या खोलीत पाय ठेवायचा तर पांढऱ्या कापडाच्या ढिगांमधून वाट काढावी लागे. भाऊ दारात दिसला तेव्हा तिने मशीन थांबवलं नाही. हातातली शिवण पूर्ण केली, दोरा दातांनी तोडला आणि मग म्हणाली, "कोण मेलं?"

"कुणी नाही. सहज आलो."

"तू सहज कधी आलास?"

मीपंतांनी चादरींवर बूड टेकलं आणि सगळं सांगितलं. ताई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर नवल काही दिसेना.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ते ट्रकवाल्याचं पुस्तक मी वाचलंय. रुग्णालयातल्या परिचारिका वाचत होत्या. मी म्हटलं, विकलं आईला याने."

"विकलं नाही ताई. उसनी दिली होती."

"उसनं दिलेलं परत येतं." ताईने कात्री उचलली, बाजूला ठेवली. "आता काय पाहिजे तुला?"

"तू संपादकबाईंकडे चल. एवढंच सांग, की हे आपल्या घरात झालं. आई मला गरम शर्ट घालायची. मी बनवलेलं नाही. का बनवलंय?" शेवटचा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता, पण तो निघून गेला.

"घालायची की," ताई म्हणाली. मीपंतांच्या जिवात जीव आला. "मी येईन. पण आले तर सगळं सांगेन."

"सगळं म्हणजे?"

"शर्ट कुणाचा असायचा ते."

मशीनच्या सुईखाली चादरीचं टोक अडकलेलं होतं. मीपंत त्याच्याकडे बघत राहिले. ताई रागाने बोलत नव्हती. ती हिशेब चुकलेल्या माणसाला हिशेब समजावतात तशी बोलत होती. "तुझा एकुलता एक शर्ट आई कशाला इस्त्री करत बसेल? चार तास झोपायची ती. लाँड्रीतून घरी गठ्ठा आणायची, सकाळी पोचवायला. त्यात कुणाच्या कुणाच्या पोरांचे शाळेचे शर्ट असायचे. त्यातला एक तुझ्या मापाचा मागे ठेवायची, इस्त्री करून तुला घालायची. संध्याकाळी धुऊन, पुन्हा इस्त्री करून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला द्यायची. गरम असायचा, कारण तो दुसऱ्याचा असायचा. तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. हे मीपंतांना त्या क्षणी कळलं, की आपल्याला सगळं ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या दुपारी लिहितानाही ठाऊक होतं, आणि स्वतःच्या कादंबरीत पुन्हा लिहितानाही. ते प्रकरण हातातून किती सरळ उतरलं होतं. बाकीची कादंबरी तीनदा लिहिली, यात एक खाडाखोड नाही. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच ओळखलं असतं.

"आणि तो मुलगा," ताई म्हणाली.

"राहू दे."

"तो तुझ्याच वर्गात होता. त्याने आपला शर्ट ओळखला. खिशापाशी त्याच्या आईने रफू केलं होतं. उभा राहून म्हणाला, हा माझा शर्ट आहे. आणि तू गुरुजींना काय सांगितलंस?"

मीपंतांनी सांगायची गरजच नव्हती, ताईला पाठ होतं.

"मामाने पाठवला म्हणालास. आपल्याला मामा तरी होता का? मामा बंदरावर काम करतो, बोटीतून कापड येतं, मागच्या महिन्याच्या सात तारखेला पार्सल आलं, त्यावर दोरी निळी होती. दोरीचा रंगसुद्धा सांगितलास तू. सगळा वर्ग ऐकत होता म्हणे. गुरुजींना पटलं. छड्या त्या पोराला बसल्या, खोटा आळ घेतला म्हणून." ताईने चादर सुईखालून सोडवली. "तू घरी येऊन आईला हे सांगितलंस. वाटलं तुला, ती खूश होईल, वाचवलं म्हणून. ती आधी हसली, मला आठवतंय. मग हसायची थांबली. त्यानंतर तिने एकही शर्ट आणला नाही. आणि तू काहीही सांगायला लागलास की तुझ्या तोंडाकडे बघत बसायची. मरेपर्यंत."

हेही खरं होतं. शाळेत पहिला आलो सांगितलं तेव्हा, नोकरी लागली सांगितलं तेव्हा, आई आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग ताईला विचारायची, खरं का गं? म्हणून त्यांनी तिला काही सांगणंच सोडून दिलं होतं. आईच्या त्या बघण्याचं दुःख मीपंतांच्या पोटात इतकी वर्षं होतं, आणि ते त्यांनी अकरा आत्मचरित्रांत कुणालाही दिलं नव्हतं. कुणी घेतलंही नसतं.

"ताई, आईच्या मनगटावर डाग होता का?"

"दोन्ही मनगटांवर होते," ताई म्हणाली. "तू कशाला बघशील?" मग ती भावाकडे जरा निरखून बघत म्हणाली, "त्या पोराला कसं वाटलं असेल ते आता तुला कळलं असेल."

मीपंत चादरींच्या ढिगात बसल्या बसल्या रडले. ताईने रडू दिलं. चहाही करून दिला, पण जवळ येऊन पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. निघताना त्यांनी विचारलं, "लिहू का हे?"

"मला कशाला विचारतोस? ट्रकवाल्याच्या वेळी विचारलं होतंस?" मशीनचं चाक फिरलं. "लिही. पण आईला शहाणी करू नकोस आणि स्वतःला बिचारा करू नकोस. तेवढं पाळलंस तर मला बाईंकडे यायची गरज पडायची नाही."

ते प्रकरण पुन्हा लिहायला मीपंतांना सगळी कादंबरी लिहायला लागला त्याहून जास्त त्रास झाला. वाक्यं उतरेनात. उतरली ती अडखळत, मागे जात, एकमेकांच्या पायात पाय घालत. छड्यांपाशी तर पेन आठवडाभर अडकून पडलं. बायको येता-जाता बघायची. एकदा तिने न विचारता पानं उचलली, उभ्यानेच वाचली, आणि 'कुणाचं आहे' असं विचारलं नाही. पानं होती तिथे ठेवून आत गेली. तीस वर्षांच्या धंद्यात मीपंतांना मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद होती आणि ती त्यांच्या लगेच लक्षात आली.

संपादकबाईंनी पानं त्यांच्यासमोरच वाचली. वाचून झाल्यावर पुष्कळ वेळ पेन्सिल कुरतडली. संशय त्यांच्या डोळ्यांतून पूर्ण गेला नव्हता. संपादकांच्या डोळ्यांतून तो कधी जातही नाही. "आधीचं प्रकरण जास्त सुंदर होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि शेठजी?"

"त्यांच्या पुस्तकातला सदरा त्यांचा स्वतःचा आहे. हा नाही."

बाईंनी पान उलटं करून पुन्हा एकदा मामाच्या पार्सलाची निळी दोरी वाचली, आणि बाड 'छापायला' लिहिलेल्या फळीवर ठेवलं.

पुस्तक निघालं. फार गाजलं वगैरे नाही. दोन बरी परीक्षणं आली; एका परीक्षणकाराने शंका काढली की हे कुणा दुसऱ्याने लिहून दिलं असावं, कारण लेखकाचं आधी एकही पुस्तक नाही. मीपंतांनी ते कात्रण बायकोला वाचून दाखवलं आणि दोघंही हसली. मुखपृष्ठावरचं आपलं नाव मात्र ते दिवसातून किती वेळा बघत, हे कुणी मोजलं नाही ते बरं.

महिन्याभराने शेठजींचा फोन आला. मीपंतांनी नंबर पाहिला आणि मनात म्हटलं, आला वकील. पण शेठजींचा आवाज मऊ होता, जरा ओशाळल्यासारखा.

"लेखक, तुमचं पुस्तक वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही त्या दिवशी आला होता, मी जरा जास्तच बोललो."

"तसं काही नाही, शेठजी."

"नाही, बोललो. मला वाटलं होतं, तुम्ही माझी आई न्यायला आलात." खाली तळावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, तो आवाज फोनमधून आला. "आता वाचल्यावर कळलं, तुमचं सगळं वेगळंच आहे. ती शर्टांची भानगड, ते पोर, त्या छड्या. कठीण आहे हो. वाईट वाटलं तुमच्यासाठी." आणि मग त्यांनी धीर देत, अगदी मनापासून सांगितलं, "माझी आई मात्र तशी नव्हती."

मीपंतांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"नाही ना," ते म्हणाले. "तुमची फार चांगली होती."